शॉकअप आडवे केले आणि गाडी आपटू लागली: धुळ्यातल्या एका आरसी बग्गीचं प्रकरण

गाडी आरसी, म्हणजे हातातल्या रिमोटवर चालवायची, एक-दशांश मापाची, बॅटरीवर चालणारी, मागची दोन चाकं ओढणारी ऑफ-रोड बग्गी. वजन बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास. चालवणारे दोघे चुलतभाऊ. थोरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्यांचा ट्रॅक म्हणजे धुळ्याबाहेर घरच्याच शेतातला बांधालगतचा तुकडा. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या, की पेरणीपर्यंत ती जमीन मोकळीच असते. वळणांवर त्यांनी थोडा मुरूम टाकून दाबला होता, आणि एका जागी बांधाची माती ओढून उडीसाठी उतार केला होता.

खान्देशातली काळी भुई एप्रिलमध्ये कशी होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. वरून सिमेंटसारखी टणक आणि मधे बोट जाईल एवढ्या भेगा. त्यात ट्रॅक्टरच्या टायरचे वळ तसेच वाळून राहिलेले. मोठ्या गाडीला हे जाणवतही नाही, पण ज्या गाडीचं चाक जेमतेम ८-९ सेंटिमीटरचं, तिच्यासाठी प्रत्येक भेग म्हणजे खड्डा आणि प्रत्येक वळ म्हणजे स्पीडब्रेकर. गाडी सरळ पट्ट्यावर वेगात गेली की मागचा भाग टणाटण उडायचा, चाक हवेत आणि मोटर नुसतीच किंचाळायची. धाकट्याने गाडी माझ्या टेबलावर ठेवली आणि एका दमात तक्रार सांगितली, "काका, मांगला भाग उड्या मारी राहिना."

पण तोपर्यंत मूळ तक्रार मागे पडली होती. मधल्या काळात दोघांनी गाडीत बरेच बदल केले होते, आणि त्या बदलांनी एक नवंच दुखणं उभं केलं होतं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यासाठी. शॉकअपच्या कोनाबद्दल जो समज सगळीकडे ऐकायला मिळतो, तो चूक नाही, पण अर्धा आहे. आणि त्या अर्ध्या समजावर गाडी लावायला गेलं की माणूस नेमका उलट्या टोकाला पोचतो.

आधी काय घडलं होतं

त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, शॉकअप उभा असेल तर गाडी कडक, आडवा केला की मऊ. टॉवरवर, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक जिथे अडकवतात त्या चासीवरच्या उभ्या पट्टीवर, चार भोकं आहेत. मागचे दोन्ही शॉकअप सगळ्यात बाहेरच्या भोकात होते, ते त्यांनी सगळ्यात आतल्या भोकात नेले. भेगांवरचं उडणं खरंच कमी झालं. पण उडीवरून खाली येताना गाडीचं पोट जमिनीवर फाडकन आपटायला लागलं. चासीखालच्या प्लास्टिकवर पांढरे ओरखडे उठले.

मग त्यांचा तर्क असा, की आडवे केल्यामुळे शॉकअप फार मऊ झाले. म्हणून ऑइल जाड केलं. आधी ३० वेटचं होतं, म्हणजे साधारण ३५० सीएसटी (दोन्ही ऑइलच्या दाटपणाची मापं), त्याजागी ४० वेट, म्हणजे ५०० सीएसटी. आपटणं थोडं कमी झालं, गेलं नाही. मग स्प्रिंग बदलली. मूळची ०.४ न्यूटन प्रति मिमीची, तिच्याजागी ०.५ ची. आता आपटणं थांबलं, आणि भेगांवरचं उडणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त.

थोरल्याचं म्हणणं होतं की कोन बदलण्यात काही अर्थ नाही, परत बाहेरच्या भोकात नेऊ. धाकट्याला आडव्या शॉकअपवर भेगांतून गेलेली गाडी आठवत होती, तो सोडायला तयार नव्हता. या वादात मला धाकट्याची बाजू पहिल्यापासून बरोबर वाटत होती. त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी होती. फक्त त्यानंतर जे घडलं त्याचं कारण दोघांनीही कोनाच्या माथी मारलं होतं.

टेबलावर

पहिली गोष्ट, सगळे बदल मागे घेतले. जुनी स्प्रिंग, जुनं ३० वेटचं ऑइल, कॉलर (स्प्रिंगला वरून दाबून धरणारी फिरवायची चकती) मूळ खुणेवर, वरचं टोक बाहेरच्या भोकात. गाडी सपाट काचेवर ठेवली, मागून बोटभर उचलून सोडली, दोन-तीनदा वरून दाबून बसू दिली. छोट्या शॉकअपमध्ये ओ-रिंगचं घर्षण असतं. नुसती अलगद ठेवलेली गाडी खरी उंची दाखवत नाही. मग मागच्या बाजूला चासीचं तळ आणि काच यांतलं अंतर मोजलं. २२ मिमी.

मग बाकी कशालाही हात न लावता फक्त वरचं टोक सगळ्यात आतल्या भोकात नेलं. तसंच उचलून, दाबून, बसवून परत मोजलं. १४ मिमी.

थोरला पट्टी हातात घेऊन पुन्हा पुन्हा मोजत राहिला. आकडा तोच. स्प्रिंग तीच, कॉलर तिथेच, आणि गाडी ८ मिमी खाली.

हे का होतं ते टॉवर समोर धरलं की दिसतं. त्यांच्या टॉवरवरची चारही भोकं एका आडव्या सरळ रेषेत आहेत, दर ५ मिमीवर एक. चांगल्या टॉवरवर भोकं कमानीत पाडलेली असतात, म्हणजे भोक बदललं तरी खालच्या टोकापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. सरळ रेषेत मात्र आतलं भोक खालच्या टोकापासून लांब पडतं. आम्ही मापं घेतली: आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांडीच्या, चासीकडच्या पिनपासून शॉकअपचं खालचं टोक ६० मिमी, चाकाचं केंद्र ९० मिमी, भोकांची रेषा पिनच्या ७८ मिमी वर, बाहेरचं भोक पिनपासून आडवं ४५ मिमी, आतलं ३०. आर्म सपाट धरली तर बाहेरच्या भोकासाठी शॉकअपची लांबी ७९.४ मिमी लागते, आतल्यासाठी ८३.६. म्हणजे चार मिमीचा फरक. शॉकअप तेवढाच राहिला, वरचं टोक चार मिमी लांब गेलं, मग उरलेलं अंतर आर्मच वर येऊन भरून काढते. आर्म वर आली म्हणजे चासी खाली गेली. चाकापाशी ते साडेसहा मिमीच्या आसपास भरतं. वरचा एक-सव्वा मिमी यासाठी, की कललेल्या शॉकअपला तेच वजन पेलायला थोडा जास्त जोर लावावा लागतो, म्हणून स्प्रिंग अजून थोडी दबते.

आता आपटण्याचा हिशेब बघा. उडीवरून उतरताना स्प्रिंग गाडीच्या स्थिर वजनाच्या वर जी ऊर्जा पोटात घेते, ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आधी पोट टेकायला २२ मिमी होते, आता १४. २२ चा वर्ग ४८४, १४ चा १९६. नुसत्या उंचीमुळे गाडीची उडी पचवण्याची ताकद चाळीस टक्क्यांवर आली. कोनामुळे आलेला मऊपणा यात वेगळा धरला तर त्याने या चाळिसातले फार तर तीन-चार टक्के अजून काढले. म्हणजे आपटण्यात कोनाचा प्रत्यक्ष हात किरकोळ होता. खरं काम उंचीने केलं.

आणि कडक स्प्रिंगने आपटणं का थांबवलं? तिने गाडी उचलली. ०.५ ची स्प्रिंग त्याच वजनाखाली कमी दबते. चाकापाशी ५ मिमी उंची तिने परत आणून दिली. मुलांना वाटलं कडकपणाने काम केलं. पण त्या कडकपणाची किंमत त्यांनी भेगांवर मोजली, कारण हिशेब केला तर त्या जोडीत चाकापाशीचा कडकपणा मूळ गाडीपेक्षा तेरा टक्के जास्त निघतो. गाडी मऊ करायला निघालेले दोघे तिला कडक करून बसले होते.

कोन नेमकं काय करतो

यासाठी आलेखाचा कागद काढला आणि मागच्या बाजूचं चित्र पूर्ण मापात काढलं. मला सूत्रापेक्षा हे जास्त विश्वासाचं वाटतं, आणि दहावीच्या मुलालाही ते गुण्या आणि पट्टीने तपासता येतं.

आर्म ही एक दांडी आहे, पिनभोवती फिरणारी. शॉकअप तिला दाबतो तेव्हा महत्त्वाचं असतं ते पिनपासून शॉकअपच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. शॉकअप आर्मला काटकोनात असेल तर हे अंतर पूर्ण ६० मिमी. कलला की कमी. बाहेरच्या भोकात शॉकअप ११ अंश कललेला होता, लंब अंतर ५८.९ मिमी. आतल्या भोकात २१ अंश, लंब अंतर ५६.०.

हापशाचा दांडा मधे धरून मारला तर हात थोडा हलतो पण जोर जास्त लागतो, टोकाला धरला तर उलट. इथेही तसंच, आणि म्हणूनच फरक दोनदा पडतो. चाक १ मिमी वर गेलं तर शॉकअप त्याच्या काही हिश्शानेच दबतो. आणि स्प्रिंगने परत दिलेला जोर चाकापर्यंत पोचताना पुन्हा त्याच हिश्शाने कमी होतो. म्हणून चाकापाशीचा कडकपणा त्या हिश्शाच्या वर्गाने बदलतो. ५६.० भागिले ५८.९, त्याचा वर्ग, ०.९०. चार भोकांचा पूर्ण पल्ला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फक्त दहा टक्के मऊ करतो. शेजारच्या शेजारी एक भोक हलवलं तर तीन-चार टक्के.

हे कागदावरच ठेवलं नाही. चासी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बांधली, मागचं एक चाक घरातल्या डिजिटल काट्यावर टेकवलं, आणि काट्याखाली ५ मिमी जाडीची प्लायची पट्टी सरकवली. चाक ५ मिमी वर गेल्यावर काट्यावरचे किती ग्रॅम वाढले ते लिहिलं. बाहेरच्या भोकात ८५ ते ९०. आतल्या भोकात ७८ ते ८२. घर्षणामुळे प्रत्येक वेळी थोडं इकडेतिकडे, पण हिशेबाचे ८७ आणि ७९ त्या मधोमध बसतात. धाकट्याला हा प्रयोग एवढा आवडला की त्याने पुढची चाकंही मोजली.

वरचं भोक हलवण्यापेक्षा खालचं भोक हलवणं किती जोरकस आहे हेही त्याच कागदावर काढलं. त्यांच्या आर्मवर खाली दोन भोकं आहेत, पिनपासून ६० आणि ६५ मिमीवर. ६५ भागिले ६० चा वर्ग म्हणजे सतरा टक्के कडक. शॉकअप त्यामुळे थोडा जास्त कलतो, त्यात तीनएक टक्के परत जातात, तरी निव्वळ तेरा-चौदा टक्के उरतात. म्हणजे खालचं एक भोक वरच्या अख्ख्या पल्ल्यापेक्षा जास्त काम करतं. गाडीचा कडकपणा ढोबळ बदलायचा असेल तर स्प्रिंग बदलावी किंवा खालचं टोक हलवावं. वरचं भोक बारीक जुळवणीसाठी आहे.

कोनाचा परिणाम कुठून सुरुवात करता यावर फार अवलंबून असतो, हेही इथेच सांगतो. काटकोनापासून पहिल्या १० अंशांत कडकपणा जेमतेम तीन टक्के जातो. पण ३० अंशांवरून ४० वर नेलात तर होता त्यातला बावीस टक्के जातो. ज्यांच्या गाड्यांचे शॉकअप आधीच खूप आडवे आहेत त्यांना एका भोकाचा फरक ठळक जाणवतो, आणि ज्यांचे उभे आहेत त्यांना काहीच जाणवत नाही. दोघेही खरं बोलतात. आणि कोन मोजायचा तो आर्मशी, जमिनीशी नाही. आर्म खाली झुकलेली असेल तर डोळ्यांना दिसणारा कोन आणि खरा कोन वेगळे.

मग धाकट्याने भेगांवर पाहिलेला फरक नुसत्या दहा टक्क्यांचा होता का? या जागी हे प्रकरण खरं रंगलं.

कागदावर आर्म वर उचलून पुन्हा चित्र काढलं, चाक २० मिमी वर गेलेलं. बाहेरच्या भोकात लंब अंतर ५८.९ वरून ६०.० झालं. आतल्या भोकात ५६.० वरून ५८.९. म्हणजे उभा शॉकअप त्या सगळ्या प्रवासात कोनामुळे साडेतीन टक्केच कडक होतो. आडवा शॉकअप साडेदहा टक्के. कललेला शॉकअप चाक वर येईल तसा आर्मच्या काटकोनाकडे सरकत जातो. सुरुवातीला दोघांत दहा टक्क्यांचं अंतर, शेवटाला ते चार टक्क्यांच्या आत येतं. आडवा शॉकअप छोट्या हालचालीला मऊ राहतो आणि मोठ्या दणक्याला उभ्याच्या जवळपास कडक होतो.

यांच्या शेतातल्या ट्रॅकला नेमकं हेच हवं होतं. भेगा आणि वळ म्हणजे छोट्या हालचाली, बांधावरची उडी म्हणजे मोठी. मऊ स्प्रिंग टाकली असती तर दोन्हीकडे मऊपणा मिळाला असता. आडव्या शॉकअपने सुरुवातीला मऊपणा आणि शेवटी जवळपास पूर्ण कडकपणा मिळतो. शॉकअपचा कोन म्हणजे स्वस्तात मऊ स्प्रिंग, असं जे सांगतात, त्यांच्या सांगण्यातून नेमका हा भाग गळतो.

ऑइलचं काय

कोन बदलला की चाकाला जाणवणारं डॅम्पिंगही, म्हणजे ऑइलमुळे हालचालीला होणारा विरोध, त्याच वर्गाच्या हिशेबाने उतरतं, दहा टक्के. आता डॅम्पिंग पुरेसं आहे की नाही हे स्प्रिंगच्या प्रमाणात बघायचं असतं. स्प्रिंग मऊ झाली की कमी डॅम्पिंग चालतं, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. म्हणून शॉकअप आडवा केल्यावर गाडी आधीपेक्षा किंचित जास्त हेलकावते. इथे सुमारे पाच टक्के. याउलट नुसती मऊ स्प्रिंग टाकली असती तर गाडी उलट जास्त आवळलेली वाटली असती. पाच टक्क्यांसाठी ऑइल बदलायची गरज नव्हती. ३० वरून ४० वेट म्हणजे ३५० वरून ५०० सीएसटी, त्रेचाळीस टक्के जाड. पिस्टनच्या बारीक भोकांतून ते ऑइल झटक्याने जाईना, शॉकअप भेगेवर दबायलाच नकार द्यायला लागला, आणि मग अख्खी चासी वर फेकली जायची. भेगांवरचं उडणं परत आलं त्यातला मोठा वाटा या ऑइलचा.

पण धुळ्यात ऑइलचा विचार करायचाच असेल तर तो उन्हासाठी करावा. सिलिकॉन ऑइल तापमानाने पातळ होतं, खनिज तेलापेक्षा कमी, पण होतंच. २५ अंशांवर मोजलेलं ऑइल ४५ अंशांवर पाव ते तृतीयांश पातळ झालेलं असतं. एप्रिलच्या दुपारी शेतात काळ्या रंगाचे शॉकअप ४५ च्या वर सहज जातात. कोनाने डॅम्पिंग दहा टक्के बदललं, आणि दुपारी तीन ते संध्याकाळी सात या वेळात उन्हाने त्याहून दुप्पट-तिप्पट बदललं. दोघे भाऊ दुपारी सेटिंग करायचे आणि संध्याकाळी चालवायचे. सेटिंग आणि चाचणी एकाच वेळी, शक्यतो उतरत्या उन्हात करा, एवढंच मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

काय केलं

वरचं टोक आतल्याच भोकात ठेवलं. स्प्रिंग मूळची ०.४. ऑइल ३० वेट.

उंची परत २२ वर आणायची होती. नुसती कॉलर खाली फिरवून ती आली असती. बाइकच्या मागच्या शॉकअपला पाना लावून कॅम फिरवतात तसंच हे काम. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर येते. पण इथे एक मेख होती. शॉकअप पूर्ण उघडल्यावर त्याची लांबी तीच राहते, वरचं भोक मात्र लांब गेलेलं. म्हणजे चाक पूर्वीइतकं खाली लोंबतच नाही. उंची कॉलरने भरून काढली असती तर चाकाचा खाली जाण्याचा प्रवास साडेसहा मिमीने आखडला असता. भेगांच्या जमिनीवर चाक वर जाण्याइतकंच खाली जाणंही महत्त्वाचं, नाहीतर भेगेवरून जाताना चाक हवेत तरंगतं आणि पकड सुटते.

म्हणून शॉकअपचीच लांबी वाढवायची ठरवलं. चार मिमी हवे होते. रॉडच्या टोकाला एम-३ आटे, दर फेऱ्याला अर्धा मिमी. सगळे चार मिमी तिथूनच काढले असते तर टोक आट्यावर जेमतेम धरलेलं राहिलं असतं आणि पहिल्याच उडीत निखळलं असतं. म्हणून टोक चार फेरे बाहेर काढलं, म्हणजे दोन मिमी, आणि शॉकअपच्या आत पिस्टनखाली असलेली दोन मिमीची मर्यादा-वॉशर काढून टाकली. त्यासाठी ऑइल काढून पिस्टनवरची बारीक ई-क्लिप सोडवावी लागली. ती उडून फरशीत हरवते, म्हणून हे काम पांढऱ्या फडक्यावर करावं. ऑइल परत भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू दिले आणि झाकण लावायच्या आधी शॉकअप उभा ठेवून थांबलो. घाईत हवा आत राहिली की वर केलेला सगळा हिशेब वाया जातो.

रॉडचं टोक बाहेर आल्याने दोन मिमी आपोआप मिळाले, उरलेल्यासाठी कॉलर तीन मिमी खाली. काचेवर ठेवून, दाबून, मोजलं: २२. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग चासी हाताने पूर्ण दाबून पाहिलं, शॉकअप आत संपायच्या आधी पोट काचेला टेकतं ना. टेकत होतं. शॉकअप आधी संपला असता तर दणका थेट टॉवरवर गेला असता, आणि प्लास्टिकचे टॉवर तिथेच तडकतात. शेवटी चाक पूर्ण वरखाली करून स्प्रिंग टॉवरला किंवा आर्मला घासत नाही हे पाहिलं. आतल्या भोकात खालच्या बाजूला ती फार जवळ येते.

शेतात

उडी तीच, वेग शक्य तितका तोच. थोरल्याने बांधाजवळ उकिडवं बसून मोबाइलवर स्लो-मोशन चित्रण केलं. पहिल्या चित्रणात, आधीच्या सेटिंगला, चासी जमिनीला पूर्ण टेकून वर उसळलेली दिसते, मागचा पंख थरथरतो. नव्या चित्रणात पोट जमिनीला निसटतं लागतं, बस. उडीनंतर गाडी एकदा दबते, एकदा वर येते आणि बसते. भेगांच्या पट्ट्यावर फरक त्याहून मोठा होता: चाकं वरखाली होत राहिली आणि चासी जवळपास स्थिर. मोटरचं किंचाळणं थांबलं. मला तोच आवाज हवा होता, कारण मोटर किंचाळत नाही याचा अर्थ चाकाला जमीन आहे.

शेजारच्या शेतातले एक आप्पा, ज्यांनी हायवेवर गॅरेजमध्ये ट्रकच्या कमानपाट्यांवर आयुष्य काढलं, बांधावर उभे राहून हे बघत होते. आधीच्या सेटिंगला गाडी पाहून ते लगेच म्हणाले होते, "भाऊ, गाडी खाले बशी गयी." मोजमाप न करता, नुसत्या नजरेने. नवी गाडी त्यांनी दोनदा जाऊ दिली, तिसऱ्यांदा चालत येऊन मागून हाताने दाबून पाहिली आणि मान हलवली.

वळणावर एक तोटा झाला. सुरुवातीचा मऊपणा भेगांवर उपयोगी, पण मुरमाच्या वळणात गाडी थोडी जास्त कलते आणि दिशा बदलायला पूर्वीपेक्षा क्षणभर उशीर लावते. धाकट्याला हे लगेच बोटांना जाणवलं. त्याने एक भोक बाहेर, म्हणजे आतून दुसऱ्या भोकात नेऊन पाहिलं, अर्थात लांबी आणि उंची पुन्हा जुळवून. वळण जरा चपळ झालं, भेगांवरचा मऊपणा थोडा गेला. ट्रॅकवर वळणांपेक्षा भेगा जास्त म्हणून त्यांनी शेवटी सगळ्यात आतलं भोकच ठेवलं. मीही तेच ठेवलं असतं. पुढे मुरमाचा भाग वाढला तर निर्णय बदलावा लागेल.

पुढच्या शॉकअपला तसंच आडवं करायचं धाकट्याच्या मनात होतं. तिथे मी अडवलं. त्यांचे पुढचे शॉकअप आधीच ३० अंशांच्या आसपास कललेले आहेत, तिथे एक भोक म्हणजे पाच-सहा टक्के, आणि पुढचा भाग जास्त मऊ झाला की ब्रेक मारताना नाक बुडतं. पुढे काही बदलायचंच असेल तर आधी काट्यावर मोजायचं, मग एकच भोक, मग उंची, मग चाचणी, या क्रमाने. त्याने आलेखाच्या कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या टॉवरची मापं लिहायला घेतली आहेत. पहिल्या पावसाआधी त्यांना तो भाग उरकायचा आहे, कारण मृगाचा पाऊस पडला की काळी माती चाकांना लाडवासारखी चिकटते आणि मग पेरणी होईपर्यंत त्या शेतात कुणालाच पाय टाकू दिला जात नाही.